थांबाकाकांची अर्धी दाढी

माझ्या सासऱ्यांचं औषधांचं दुकान आहे. दुकानावर पाटी आहे, पाटीवर ठळक नावही आहे, पण ते नाव पोस्टमन सोडला तर कुणाला माहीत नाही. लोक म्हणतात, "थांबाकाकांकडून आण." कारण बाबांनी आजवर एकही औषध 'थांबा' म्हटल्याशिवाय काउंटरपलीकडे जाऊ दिलेलं नाही.

गिऱ्हाईक गोळ्या पिशवीत टाकून वळलं की मागून आवाज येतो, "थांबा." मग कपाळावरचा चष्मा नाकावर येतो. "ही गोळी कशी घेता?"

"जेवणाबरोबर."

"बरोबर म्हणजे कशी?"

"भातात कुस्करून. कडू लागत नाही."

झालं! ती गोळी पोटात सावकाश विरघळावी म्हणून कारखान्यात माणसांनी डोकं झिजवलेलं असतं, आणि हे गृहस्थ तिला वाटीच्या बुडाने चेचत असतात. बाबा त्यांना बाकावर बसवून घेतात आणि सांगतात. नुसतं सांगून थांबत नाहीत, त्यांच्याकडून परत म्हणवून घेतात. मागची रांग जांभया देते, पण रांगेतलं कुणी निघून जात नाही. पुढच्याची फजिती झालेली सगळ्यांनाच बघायची असते.

एकदा एक आजीबाई इन्सुलिन न्यायला आल्या. बाबांनी विचारलं, "घरी ठेवता कुठे?"

"फ्रिजमध्ये हो. बर्फाच्या कप्प्यात, पार मागे ढकलून. नातवंडांचा हात पोचत नाही."

बाबांनी डोक्याला हात लावला. "आजी, गोठलेलं इन्सुलिन भरवशाचं राहत नाही. खालच्या कप्प्यात ठेवायचं. गार हवं, बर्फ नको."

"अगं बाई, तरीच!" आजी म्हणाल्या. "मी म्हणते, इतकं टोचून घेतेय तरी मेली साखर जागची हलत कशी नाही!"

मी या घरात आले तेव्हा माझ्याकडेही फार्मसीची पदवी होती. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "ह्यांनी मुलासाठी बायको पाहिलीच नाही, दुकानासाठी माणूस पाहिलं." त्यात तथ्य होतं. पहिल्या भेटीत सगळे मला आवडीनिवडी विचारत होते आणि बाबांनी विचारलं, "इन्सुलिनची उघडलेली बाटली किती चालते?" मी म्हणाले, "साधारण चार आठवडे, पण सोबतचा कागद वाचावा." बाबा मुलाकडे वळून म्हणाले, "माझा होकार आहे. तुझं तू बघ."

बाबांमध्ये एकच खोट होती. त्यांना थोडं कमी ऐकू यायचं, त्यामुळे जगालाही कमी ऐकू येतं असं समजून ते बोलायचे. आणि याच खोटीपायी त्यांचं समोरच्याशी बिनसलं.

आमच्या दुकानाच्या बरोबर समोर सलून आहे. सलूनवाल्याला सगळी गल्ली उस्ताद म्हणते. हात खरोखर उस्तादाचा. पण जीभ हाताच्याही पुढे. खुर्चीत माणूस बसला, अंगावर कापड पडलं, की उस्तादांचा दवाखाना सुरू. कुणाला म्हणणार, सकाळी गवतावर उलटं चाला, गुडघे सुटतील. कुणाला म्हणणार, टाळूवर कांदा चोळा. माणूस कापडात गुंडाळलेला, मान वाकवलेली, तो बिचारा वाद कसला घालणार?

अशा उस्तादांना डायबेटिस निघाला. ते चिठ्ठी घेऊन आमच्या दुकानात आले. दुकान भरलेलं. रांगेत निम्मी त्यांचीच गिऱ्हाइकं. बाबांनी चिठ्ठी वाचली, चष्मा खाली घेतला आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात विचारलं, "थांबा, उस्ताद! रात्री लघवीला किती वेळा उठता?"

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. उस्तादांनी बाबांच्या हातातून चिठ्ठी ओढून घेतली, म्हणाले, "गल्लीला ओरडून सांगा की!" आणि ताडताड निघून गेले.

त्या दिवसापासून त्यांनी आमच्याकडून साधी खोकल्याची बाटलीही नेली नाही. गोळ्या कुठून तरी लांबून आणत. इकडे मी हट्ट धरून दुकानाच्या कोपऱ्यात दोन खुर्च्या आणि एक पडदा लावून घेतला, की बाबा, असले प्रश्न इथे विचारा. बाबांनी ते ऐकलं. पडद्यामागे जाऊन तेवढ्याच मोठ्याने विचारू लागले.

गंमत म्हणजे बाबांची दाढी मात्र उस्तादांकडेच होत राहिली. सासूबाई म्हणायच्या, "बोलत नाही त्याच्या हातात गळा कसा देता?" बाबा म्हणायचे, "भांडण गोळ्यांचं आहे, दाढीचं नाही." तेव्हा एक दिवसाआड बाबा समोर जायचे, तोंड न उघडता खुर्चीत बसायचे, उस्ताद तोंड न उघडता दाढी करायचे. उस्तादांना गप्प बसवणारा गल्लीतला हा एकच माणूस.

तर त्या दिवशी काय झालं. सुट्टी संपून दुसऱ्या दिवशी शाळा उघडायची होती, म्हणजे गल्लीतल्या झाडून सगळ्या पोरांचे केस त्याच सकाळी कापायचे होते. सलूनबाहेर आयांची आणि पोरांची रांग. उस्तादांनी सकाळच्या गोळ्या घेतल्या आणि नाश्त्याला बसणार तोच पहिली आई हजर. मग दुसरी. नाश्ता झाकून वरच राहिला. त्यांचं घर सलूनच्या माडीवर आहे.

बाबा गेले तेव्हा सकाळ बरीच वर आली होती. मुलांमधून वाट काढून ते खुर्चीत बसले. बाकावर शेजारच्या दुकानातला टेलर पेपर वाचत होता. उस्तादांनी फेस लावला आणि डावा गाल सुरू केला. डावा गाल झाला. मग त्यांनी परत डावा गाल केला. बाबांना वाटलं, आज हात बारीक फिरवतोय. मग वस्तरा तिसऱ्यांदा डाव्या गालावर आला.

बाबांनी आरशात पाहिलं. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि उस्तादांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. एक थेंब टपकन बाबांच्या फेसात पडला. तोंड पांढरंफटक. आणि इतकी वर्षं बाबांशी न बोललेले उस्ताद एकदम प्रेमाने म्हणाले, "मामा, पोराला शाळेत कधी घालताय?"

बाबा त्यांचे मामा नव्हते. आणि बाबांचं पोर म्हणजे माझा नवरा, त्याचे कानाजवळचे केस तेव्हा पिकायला लागले होते.

"घालतो," बाबा म्हणाले. वस्तरा आता हनुवटीखाली आला होता आणि थरथरत होता. जन्मात पहिल्यांदा बाबा हळू आवाजात बोलले, "उस्ताद, थांबा जरा."

"कोण थांबा? मी नाही थांबा!" उस्ताद खेकसले.

बाबांनी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. ते पाहून टेलरच्या हातातला पेपर गळून पडला. त्याला वाटलं, इतक्या वर्षांचं साठलेलं आज निघालं. पोरं खुशीत येऊन दारात दाटली.

"टेलर, वस्तरा घे यांच्या हातातला. यांना बसव आणि धरून ठेव. साखर उतरलीय. चहाची साखर कुठे आहे?"

साखर कुठून असणार? उस्तादांना डायबेटिस निघाल्या दिवशी त्यांच्या बायकोने सलूनमधला साखरेचा डबा उचलून वर नेला होता, तो आजतागायत कुलपात. बाई भारी कडक. गल्ली त्यांना उस्तादीणबाई म्हणते, अर्थात त्यांच्या माघारी.

मी काउंटरवर होते. समोरून बाबा धावत येताना दिसले. गळ्यात पांढरं कापड फडफडतंय, डावा गाल गुळगुळीत, उजव्या गालावर कानापर्यंत फेस. एक सायकलवाला त्यांना पाहता पाहता खांबावर जाऊन आदळला.

"ग्लुकोज दे! आणि साखर मोजायचं मशीन घेऊन ये!"

"बाबा, तुमची दाढी..."

"दाढी कुठे पळून जात नाही!"

मी शटर अर्धं ओढलं आणि मागोमाग धावले. टेलरच्या पाण्याच्या ग्लासात बाबांनी ग्लुकोजची पूड ओतली, बोटानेच ढवळली आणि ग्लास उस्तादांच्या तोंडाशी नेला. उस्तादांनी वास घेतला, तोंड फिरवलं.

"साखर? मला? मी डायबेटिसचा माणूस आहे! टेलर, साक्षीला राहा. हे मला मारतायत!"

तेवढ्यात गलका ऐकून उस्तादीणबाई जिन्यावरून उतरल्या. त्यांनी काय पाहिलं असेल याचा विचार करा. नवरा खुर्चीत, टेलरने त्याला मागून आवळलेला, आणि अर्ध्या तोंडाला फेस फासलेले आमचे बाबा त्याला जबरदस्तीने गोड पाणी पाजतायत. बाईंनी झडप घालून ग्लास हिसकावला.

"अहो काका, लाज नाही वाटत? जन्मभर लोकांना ओरडता, साखर खाऊ नका, साखर खाऊ नका, आणि माझ्याच नवऱ्याला पाजता होय? भांडण होतं तर मला सांगायचं होतं!"

बाबा बोलत होते, पण बाईंच्या आवाजापुढे त्यांचाही आवाज पडला. मी मधल्या मध्ये उस्तादांचं बोट पकडलं, टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. मशीनने आकडा दाखवला तो मी ओरडून सांगितला, "बेचाळीस!"

"बेचाळीस?" बाई थबकल्या. "मग चांगलंच आहे की. कमीच हवी म्हणून तर एवढा जीव काढतेय मी."

"वहिनी," बाबा हात जोडून म्हणाले, "कमी हवी. संपायला नको. आत्ता नाही प्यायले तर बेशुद्ध पडतील, मग पाजताही येणार नाही."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो आरशातल्या स्वतःला नमस्कार करत होता. त्यांनी ग्लास त्याच्या ओठांना लावला आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "प्या."

उस्ताद मुकाट्याने घटाघटा प्यायले. त्या स्वराला नाही म्हणायची सवयच त्यांना नव्हती.

मग आम्ही थांबलो. साखर पोटात जाऊन रक्तात यायला पाव तास द्यावा लागतो, तो पाव तास फार लांबलचक असतो. दारातली एक आई म्हणाली, "अजून किती वेळ हो? उद्या शाळा आहे." टेलरने तिच्याकडे असं पाहिलं की तिने पोराला पदराखाली घेतलं.

हळूहळू घाम थांबला. चेहऱ्यावर रंग आला. उस्तादांनी डोळे चोळले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "टेलर, तुझ्या डोळ्यांखाली काळं आलंय. काकडीच्या चकत्या ठेवत जा."

आम्ही सगळ्यांनी एकदम सुस्कारा सोडला. माणूस परत आला होता.

मग त्यांची नजर बाबांवर गेली. ती तशीच थिजली. "काका, ही अशी दाढी कुणी केली तुमची?"

टेलर हसता हसता बाकावरून खाली आला. उस्तादीणबाईही हसल्या आणि हसता हसता एकदम पदर डोळ्यांना लावून रडायला लागल्या. बाबांनी त्यांना रडू दिलं, मग नाश्ता खाली आणायला सांगितला. मी पुन्हा मोजली. साखर वर आली होती.

उस्ताद खात असताना बाबांनी खुर्ची जवळ ओढली. आवाज अजूनही हळूच होता. "उस्ताद, डायबेटिसच्या गोळ्या कुठल्या कुठल्या घेता?"

"एकच. डॉक्टरांनी दिलेली."

"एकच?" बाई म्हणाल्या आणि तडक वर गेल्या. येताना उशीचा एक अभ्रा घेऊन आल्या, तो आमच्यापुढे पालथा केला.

काय नव्हतं त्यात! तीन वर्षांपूर्वीची सर्दीची औषधं. बाईंच्याच रक्तदाबाच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट, ते उस्तादांनी 'कधीमधी डोकं जड झालं की' खाल्लेलं. कसलीशी हिरवी भुकटी, जी कशाची ते देणाऱ्यालाही माहीत नव्हतं. आणि डायबेटिसच्या गोळ्यांची दोन वेगवेगळी पाकिटं, एक गुलाबी, एक निळं.

बाबांनी दोन्ही पाकिटं उलटी केली आणि बारीक अक्षरं वाचली. मग मला वाचायला दिली. वरची नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, आतलं औषध एकच.

"उस्ताद, ही निळी कुठली?"

उस्तादांनी घास गिळला. "गेल्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो होतो. मेहुणी म्हणाली, त्यांचा हात चांगला आहे."

"त्यांना सांगितलंत, आधीची गुलाबी चालू आहे म्हणून?"

"छे! कसं सांगणार?" उस्ताद खरंच चकित झाले. "माझ्याकडे बसलेलं गिऱ्हाईक कधी सांगतं का, की मागच्या खेपेला दुसरीकडे केस कापले? एका कारागिराला दुसऱ्याचं नाव सांगू नये. वाईट वाटतं."

बाबांनी दोन्ही पाकिटं त्यांच्या मांडीवर ठेवली. "म्हणजे गेला आठवडाभर तुम्ही एकच औषध दुप्पट घेताय. आणि आज वरून उपाशी."

"पण रंग वेगळे आहेत की, काका!"

"शर्ट बदलला म्हणून माणूस बदलतो का?"

हे उस्तादांना पटलं. बाबांनी सांगितलं, ही गोळी अंगात बराच वेळ राहते, साखर पुन्हा उतरू शकते, तेव्हा आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चला. आणि अभ्रा सोबत घ्या, सगळा. उस्ताद उठले. त्यांनी सवयीने वस्तऱ्याकडे हात नेला, "आधी तुमचा दुसरा गाल..." तर उस्तादीणबाईंनी वस्तरा उचलून कमरेला खोचला. "आज याला हात लावाल तर बघा."

दवाखान्यात वेगळाच घोळ झाला. नाव लिहून घेणाऱ्या बाईंनी दोघांकडे पाहिलं आणि बाबांना आधी आत पाठवायला निघाल्या. "आजोबा, तोंडाला काय झालंय? कधीपासून आहे?" डॉक्टरांनी निळी गोळी बंद केली, गुलाबीचा डोस बदलून दिला, दिवसभर खाऊनपिऊन घरी बसायला आणि दर थोड्या वेळाने साखर मोजायला सांगितलं. शाळेची उरलेली पोरं तशीच वाढल्या केसांनी शाळेत गेली.

बाबा दुसऱ्या दिवशीपर्यंत अर्ध्या दाढीनेच हिंडले. मी म्हणाले, घरी करून टाका. ते म्हणाले, "त्याने धरलंय, तोच पुरं करेल. नाहीतर त्याला वाटेल, माझा विश्वास उडाला." सासूबाई रात्री जेवताना जागा बदलून त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या. "इकडून बरे दिसता," म्हणाल्या. दुकानात एका तरुण मुलाने फार गंभीरपणे विचारलं, काका, ही नवीन पद्धत आहे का आणि कुणाकडे करून मिळते?

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादांनी उजवा गाल केला. दोघं किती बोलले कुणास ठाऊक, पण एरवी दहा मिनिटांत होणाऱ्या अर्ध्या दाढीला दुपार झाली.

त्यानंतर उस्ताद आमच्याकडूनच गोळ्या नेऊ लागले. तेवढ्यावर गप्प बसते तर उस्ताद कसले! त्यांना आता नवी विद्या मिळाली होती. खुर्चीत माणूस बसला, की वस्तरा त्याच्या गळ्यावर टेकवून ते विचारायचे, "गोळ्या काय काय चालू आहेत? सगळ्या सांगा. दुसऱ्याच्यासुद्धा." आम्ही पडद्यामागे गोड बोलून अर्धा तास काढतो तेव्हा कुठे एखादी लपवलेली गोळी बाहेर येते. उस्तादांच्या खुर्चीत माणूस दोन मिनिटांत कबूल होतो. मग उस्ताद कापड झटकून त्याला समोर धाडायचे, "जा, घरून पिशवी आण आणि काकांना दाखव." पिशव्या येऊ लागल्या. हातरुमालात, डब्यात, एकाच्या तर पायमोज्यात. त्यातून एकाच औषधाची दोन नावं पुन्हा सापडली. एका बाईंची 'दिवसातून दोन वेळा' लिहिलेली गोळी त्या एकाच वेळी दोन करून घेत होत्या, दुसऱ्या वेळेची कटकट नको म्हणून.

एकदा मात्र उस्तादांनी अति केलं. खुर्चीत एक गृहस्थ पेंगत होते. उस्तादांना वाटलं, साखर उतरली. त्यांनी ग्लासभर ग्लुकोज पाजलं. गृहस्थ रात्रपाळी करून आले होते आणि त्यांची साखर आधीच तीनशेच्या घरात होती. बाबा रस्ता ओलांडून गेले ते थेट तारस्वरात, "अहो, आधी मोजायचं! मशीन कशाला दिलंय तुम्हाला? हात थरथरतो, घाम फुटतो, भूक खवळते, माणूस भलतंच बडबडतो, यातलं काय दिसलं?"

"बडबडत होते की."

"झोपेत सगळेच बडबडतात! तुम्ही तर जागेपणीही!"

एक दिवस पुन्हा अबोला झाला. मग दाढीचा दिवस आला आणि अबोला सुटला.

परवाचीच गोष्ट. बाबा समोर बसले होते आणि मी काउंटरवरून पाहत होते. उस्तादांनी फेस लावला, हनुवटी वर केली, वस्तरा टेकवला आणि काहीतरी विचारलं. बाबांनी आरशात पाहिलं. उस्तादांनी परत विचारलं. बाबांनी छताकडे पाहिलं, मग हळूच ओठ हलले.

उस्तादांनी वस्तरा खाली ठेवला, सलूनच्या दारात आले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "सूनबाई! काका गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी खातायत! रोज! रक्तदाबाच्या गोळीबरोबर! आणि दिली कुणी म्हणाल तर स्वतःच!"

मी गल्ल्याखालचा खण उघडला. औषधांच्या यादीच्या मागे पाकीट होतं. ही गोळी रोजच्या रोज रक्तदाबाच्या गोळीसोबत घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो, असं बाबा दर आठवड्याला कुणाला ना कुणाला सांगत होते.

दुकानामागच्या घरातून सासूबाई आल्या. त्यांनी पाकीट पाहिलं, माझ्या हातातून घेतलं आणि कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या.

बाबा कापडासकट खुर्चीत बसून होते. त्यांना रस्ता ओलांडून घरी यायची अजिबात घाई नव्हती. उलट त्यांनी उस्तादांना केसही कापायला सांगितले. केस झाले तेव्हा डोक्याला तेल लावायला सांगितलं. शेवटी उस्तादांनीच कापड झटकलं, त्यांचा दंड धरला आणि त्यांना घेऊन डॉक्टरांकडे निघाले. सासूबाई मागून चालल्या होत्या, पाकीट हातात धरून.

तपासण्या ठीक आल्या. गोळी बंद झाली. गुडघ्याला शेक आणि व्यायाम दिलाय. बाबा सकाळी दुकानाच्या बाकावर बसून पाय उचलतात, समोर उस्ताद कुणाची तरी मान वाकवून मोठ्याने आकडे मोजतात, आणि बाबांनी मध्ये एखादा पाय चुकवला तर तो परत करायला लावतात.